खेळाडूंच्या बदल्यांचा हंगाम

मुंबईहून गोव्याकडे निघालेला रस्ता पेण मागे टाकून आमच्या वडखळला पोहोचतो, आणि तेथे त्याला फाटा फुटतो. एक वाट अलिबागेस वळते. दुसरी नागोठणे, कोलाड, माणगाव करीत दक्षिणेस गोव्याची वेस गाठते. ह्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर माझे घर आहे. मुलांना पाढे आणि बाराखडी शिकविण्यात माझी सारी उमेद गेली. आता सेवेतून मोकळा होऊन घरी बसलो आहे. मुलाचा मुलगा माझ्याजवळ असतो आणि मुंबईच्या फुटबॉल संघाचा फिकट निळा सदरा घालून हिंडतो. मुलगी मडगावास दिलेली आहे; तिचा मुलगा सुटीत येतो तो गोव्याच्या संघाचा केशरी सदरा अंगात घालूनच उतरतो. मग माझ्या ओटीवर जे रण माजते, त्याचे वर्णन न केलेलेच बरे.

प्रारंभी मला वाटत असे की, हे भांडण सामन्यांपायी असावे. परंतु पुढे असे ध्यानात आले की, सामने चालू असताना ही मुले एकवेळ गप्प असतात; खरी हातघाई होते ती मैदानावर चेंडूच पडत नाही अशा महिन्यांत. कोणता खेळाडू कोणत्या क्लबाने उचलला, कोण राहिला, कोण गेला, ह्याच्या वार्ता त्या दिवसांत रोज येतात. २०२४ साली गोव्याच्या संघाचा कर्णधार ब्रँडन फर्नांडिस मुंबईच्या संघात दाखल झाला, तेव्हा मडगावच्या नातवाने दोन दिवस धड जेवण केले नाही. “आजोबा, आमची माणसे हे लोक पळवून नेतात, आणि तुम्ही ह्यालाच कुरवाळता!” अशी त्याची माझ्यावर तक्रार. मुलाचे समाधान करावयाचे तर आधी आपण विषय समजून घेतला पाहिजे, ह्या जुन्या सवयीने मी तो समजून घेतला. जे हाती लागले तेच आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचे आहे.

इंग्रजीत ज्यास ‘ट्रान्स्फर विंडो’ म्हणतात, ती म्हणजे खेळाडूंच्या बदल्यांकरिता ठरवून दिलेली मुदत होय. खेळाडू एखाद्या क्लबाशी ठरावीक वर्षांचा करार करतो आणि त्या क्लबाच्या नावे त्याची नोंद होते. नोंद असल्यावाचून त्यास सामन्यात पाय टाकता येत नाही. ही नोंद एका क्लबाकडून दुसऱ्याकडे फिरविणे म्हणजे बदली. आणि ती वर्षभर वाटेल तेव्हा न होता नेमलेल्या दिवसांतच व्हावी, असा नियम आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, २००२–०३ च्या हंगामापासून तो सर्व देशांस लागू केला. वर्षातून दोनदा ही खिडकी उघडते. मोठी हंगामाच्या आरंभी, लहान हंगामाच्या मध्यावर. आणि दोन्हींचे दिवस मिळून सोळा आठवड्यांपेक्षा अधिक होऊ द्यावयाचे नाहीत. नेमक्या तारखा प्रत्येक देशाची संघटना आपापल्या हंगामाच्या सोयीने ठरविते. ज्याचा करार खिडकी मिटण्यापूर्वीच संपून तो मोकळा झाला आहे, अशा खेळाडूची नोंद मात्र मागाहूनही होऊ शकते.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित आहे असे नाही. घाटावर सालगडी धनी बदलतो तो गुढीपाडव्यास. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या ओढून ठेवल्या म्हणजे कोणता खलाशी कोणत्या तांडेलाकडे जाणार, ह्याची बोलणी होतात आणि नव्या हंगामाची उचल दिली जाते. भर हंगामात, जाळे पाण्यात असताना, खलाशाने होडी सोडून शेजारच्या होडीत उडी मारली तर दोन्ही होड्यांचे काय होईल, हे कोणा कोळ्यास सांगावे लागत नाही. आम्हां मास्तरांच्या बदल्याही बहुधा उन्हाळ्याच्या सुटीतच होत. अर्धे वर्ष शिकवून झाल्यावर मास्तर गेला तर वर्गाची वाताहत होते. खिडकीचा हेतू हाच आहे. क्लबाला आपला संघ बांधावयास मुदत मिळावी. आणि एकदा बांधलेला संघ भर स्पर्धेत श्रीमंत प्रतिस्पर्ध्याने विसकटून टाकू नये.

परंतु मुदत आली की घाई आली, आणि घाई आली की नाटक आले. शेवटच्या रात्री कागदपत्रांची जी धावपळ होते, तिचा एक मासला सांगतो. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक दाविद दे हेआ ह्यास माद्रिदच्या रेआल क्लबाने घेण्याचे ठरविले. उलट बाजूने माद्रिदचा केलॉर नावास मँचेस्टरला जावयाचा होता. मोबदला ठरला, सह्या झाल्या. परंतु स्पेनमधील मुदत मध्यरात्रीस संपत होती, आणि कागद पोहोचले ते तिच्यानंतर काही मिनिटांनी. बदली रद्द झाली. ज्याला दूर सारावयाचे ठरले होते तो नावास माद्रिदलाच राहिला, आणि २०१६, २०१७ व २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षे युरोपचा चषक जिंकणाऱ्या संघाचा गोलरक्षक ठरला. दे हेआही मँचेस्टरला पुढे २०२३ पर्यंत खेळला.

खिडकी नव्हती त्या काळी काय होत असे, ह्याची साक्ष कोलकात्याचे जुने लोक देतील. तेथे बदलीची मुदत नव्हती असे नाही. परंतु खेळाडूने स्वतः संघटनेच्या कचेरीत जाऊन सही करावयाची असे. म्हणून सहीचे दिवस जवळ आले की मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्यांची माणसे हव्या असलेल्या खेळाडूस कोणाच्या तरी घरी लपवून ठेवीत आणि ऐन वेळी मोटारीत घालून कचेरीत आणीत. १९८५ साली कृशानू दे आणि विकास पांजी ही जोडी मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेली, तिच्या गोष्टी तेथे अद्याप सांगतात. मुंबईची तऱ्हा निराळी होती. येथे गिरण्या, बँका, रेल्वे आणि कारखाने ह्यांचे संघ असत. खेळाडूचा खरा पगार नोकरीचा असे. संघ सोडावयाचा म्हणजे नोकरी सोडावयाची, आणि निवृत्तिवेतनावर पाणी सोडावयाचे. तेव्हा मुंबईत बदल्यांची नाटके कमी होत. परंतु ते सुख बांधून घातलेल्या बैलाचे होते, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

युरोपात तर बंधन ह्याहून घट्ट होते. करार संपला तरी जुना क्लब मोबदला मागे, आणि तो मिळेपर्यंत खेळाडूस अडकवून ठेवी. बेल्जियमचा झाँ-मार्क बोसमान हा अशा अडकलेल्यांपैकी एक. त्याने दाद मागितली, आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, युरोपीय संघाच्या देशांमध्ये करार संपलेल्या खेळाडूस मोबदल्यावाचून दुसऱ्या देशातील क्लबाकडे जाण्याची मोकळीक असली पाहिजे. ह्या एका निकालाने बाजाराचे रूप पालटले. आजच्या नियमाप्रमाणे कराराचे अखेरचे सहा महिने उरले म्हणजे खेळाडू दुसऱ्या क्लबाशी उघडपणे बोलू शकतो. त्यामुळे क्लबापुढे पेच पडतो. खेळाडूस आज विकावे तर संघ दुबळा होतो. न विकावे तर तो उद्या फुकट जातो.

आता माझ्या दोन नातवांच्या मूळ तंट्याकडे येतो, कारण प्रतिस्पर्धी क्लबावर बदल्यांचा परिणाम कसा होतो हे पाहावयास त्याहून चांगले उदाहरण आपल्या प्रांती सापडणार नाही.

इंडियन सुपर लीग ही स्पर्धा २०१४ साली सुरू झाली, आणि मुंबई व गोवा हे दोन्ही क्लब पहिल्या वर्षापासून तीत आहेत. आरंभीची वर्षे गोव्याची होती. २०१५ साली गोव्याने मुंबईस सात विरुद्ध शून्य गोलांनी धूळ चारली. २०१८–१९ च्या हंगामात उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात पाच विरुद्ध एक असा पराभव मुंबईच्या वाट्याला आला, तोही मुंबईतच. त्या काळी गोव्याचे प्रशिक्षक होते सर्जिओ लोबेरा हे स्पॅनिश गृहस्थ. चेंडू आपल्याजवळ राखून लहान लहान पासांनी पुढे सरकावयाचे, ही त्यांची पद्धत गोंयकारांस फार मानवली होती. २०१९–२० च्या हंगामात गोव्याने साखळीत ३९ गुण मिळवून पहिले स्थान पटकावले, आणि आशियाच्या चँपियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान मिळविणारा तो पहिला भारतीय क्लब झाला. मुंबई २६ गुणांनिशी पाचवी होती. मात्र ते यश पदरी पडण्यापूर्वीच, साखळीचे थोडेच सामने उरले असताना, जानेवारीच्या अखेरीस क्लबाने लोबेरांना निरोप दिला होता.

इकडे मुंबईस नोव्हेंबर २०१९ मध्ये नवा धनी मिळाला. मँचेस्टर सिटीचा मालक असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने त्या वेळी मुंबई क्लबाचा ६५ टक्के हिस्सा विकत घेतला. २०२० च्या खिडकीत मुंबईने काय केले? लोबेरांना प्रशिक्षक नेमले. आणि त्यांच्या पाठोपाठ गोव्याच्या संघाचा कणाच मुंबईस आला. बचावाच्या फळीतून सेनेगलचा मुर्तादा फाल, मधल्या फळीतून मोरोक्कोचा अहमद जाहू, आक्रमणास धार देणारा ह्यूगो बुमू, आणि २०१४ पासून गोव्याचाच सदरा घातलेला, गोमंतकाचा सुपुत्र मंदार राव देसाई. बुमू हा तर आदल्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू ठरलेला.

येथे मी माझ्या जुन्या पेशाचा आधार घेऊन एक हिशेब मांडतो. माझ्या टोपलीत दहा आंबे आहेत आणि शेजाऱ्याच्या टोपलीत आठ. शेजाऱ्यास माझी बरोबरी करावयाची तर बाजारातून दोन आंबे आणावे लागतील. परंतु त्याने माझ्याच टोपलीतला एक उचलला, तर त्या एकानेच काम भागते. माझे नऊ, त्याचे नऊ. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू घेण्यात हे दुहेरी गणित असते. परदेशातून आणलेला उत्तम खेळाडू आपले बळ वाढवितो. समोरच्याचा आणलेला खेळाडू आपले वाढवितो आणि त्याचे घटवितो. शिवाय फाल, जाहू, बुमू ह्यांना लोबेरांची पद्धत शिकवावी लागली नाही, आणि एकमेकांची ओळखही करून द्यावी लागली नाही. महामारीच्या त्या वर्षी सरावास दिवस थोडे होते. अशा वेळी तयार घडी हाती येणे ही केवढी सोय!

परिणाम आकड्यांत पाहा. २०१९–२० मध्ये मुंबई गोव्याच्या १३ गुणांनी मागे होती. २०२०–२१ मध्ये मुंबईस ४० गुण आणि गोव्यास ३१, म्हणजे मुंबई ९ गुणांनी पुढे. दोघांमधील अंतर एका वर्षात २२ गुणांनी फिरले. हे सारे त्या चार माणसांनीच केले असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. मुंबईने इतरही चांगले खेळाडू आणले होते, आणि त्या हंगामात प्रत्येक संघाचे दोन सामने वाढलेही होते. तथापि वाऱ्याची दिशा ओळखावयास एवढे पुरे.

ह्याहून बोलका प्रसंग पुढे घडला. महामारीमुळे त्या वर्षीचे सर्व सामने गोव्यातच, प्रेक्षकांवाचून खेळविले गेले. उपांत्य फेरीत गाठ पडली ती मुंबई आणि गोवा ह्यांचीच. ५ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यास झालेला पहिला सामना दोन विरुद्ध दोन असा बरोबरीत सुटला, आणि मुंबईचे दोन्ही गोल कोणी केले? एक बुमूने आणि दुसरा फालने! दुसऱ्या सामन्यात कोणाचाच गोल झाला नाही, आणि पेनल्टीच्या फटक्यांवर मुंबई सहा विरुद्ध पाच अशी पुढे गेली. १३ मार्चला फातोर्ड्यावरच अंतिम सामन्यात मुंबईने एटीके मोहन बागानचा दोन विरुद्ध एक असा पराभव केला. साखळीतील अग्रस्थानाची ढाल आणि अंतिम विजयाचा चषक एकाच हंगामात जिंकणारा तो पहिला क्लब ठरला. गोव्याच्या भूमीवर, गोव्याचे जुने खेळाडू मुंबईचा चषक उंचावीत होते. आणि माझा मडगावचा नातू तेव्हा रडला, ह्यात त्याचे काय चुकले?

परंतु जो क्लब लुटला जातो तो हात जोडून बसत नाही, हेही सांगितले पाहिजे. गोव्याने स्पेनहून हुआन फेरांदो हे प्रशिक्षक आणले आणि इगोर आंगुलो हा नवा गोलकर्ता आणला. आंगुलोने १४ गोल करून त्या हंगामातील सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. आशियाच्या स्पर्धेत त्याच एप्रिलमध्ये गोव्याने कतारच्या अल-रय्यान क्लबास बरोबरीत रोखले. हे सारे पाहून पुन्हा बाजारात कुजबुज सुरू झाली. २०२१ च्या उन्हाळ्यात आंगुलो मुंबईस गेला. त्याच वेळी मुंबईचा बुमू मोहन बागानने उचलला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, फेरांदो स्वतःच गोवा सोडून मोहन बागानचे प्रशिक्षक झाले. श्रोत्यांनी येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी की, ही खिडकी खेळाडूंना अडविते, प्रशिक्षकांना नव्हे. मुलांनी वर्ग बदलावयाचा नाही. मास्तर मात्र तास चालू असता उठून जाऊ शकतो!

म्हणजे बदलीचा धक्का एका क्लबापाशी थांबत नाही. उतरंडीतले एक मडके काढले की वरची सारी हलतात. ज्याचा खेळाडू गेला तो दुसऱ्याच्या दारी जातो, आणि तो दुसरा तिसऱ्याच्या. जानेवारी २०२१ च्या मधल्या खिडकीत गोव्याचा लेनी रॉड्रिग्ज मोहन बागानकडे गेला आणि तिकडून ग्लॅन मार्टिन्स गोव्यास आला. दोघेही गोमंतकीयच. २०२१–२२ च्या हंगामाचा शेवट पाहिला तर गोवा नववा आणि मुंबईही पाचवीच. पुढे मुंबईने २०२२–२३ ची ढाल पुन्हा जिंकली. गोव्याने २०२१ चा ड्युरंड चषक आणि २०२५ चा सुपर कप जिंकला. तेव्हा एका खिडकीने कोणी कायमचा बुडत नाही, आणि कोणी कायमचा तरतही नाही. परंतु ज्याच्या पिशवीत पैसा अधिक त्यास चूक सुधारावयास पुन्हा संधी मिळते. लहानास ती वारंवार मिळत नाही, एवढा भेद राहतोच. ह्या पैशाच्या वाटा आमच्या गावापासूनही फार लांब नाहीत. वडखळजवळ डोलवीस जो पोलादाचा प्रचंड कारखाना आहे, त्याच जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने २०१३ साली बंगळूरचा फुटबॉल क्लब उभा केला. २०१९ च्या अंतिम सामन्यात गोव्यावर निर्णायक गोल करून त्या क्लबास अजिंक्यपद मिळवून दिले ते राहुल भेके ह्या मुंबईच्या मुलाने. आणि २०२१ साली तोही मुंबईच्या संघात आला.

इथवर मी क्लबांच्या बाजूने बोललो. आता ज्याच्यावर ही बोली लागते त्याच्या बाजूने बोलतो. आणि त्याकरिता मला माझीच एक चूक सांगावी लागेल.

तीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा हा भाग कबड्डीचा. सुगी आटोपली की गावोगावी चुन्याने मैदाने आखली जातात आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने रंगतात. माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा पुढे मोठा चढाईपटू निघाला. पायांत वारा, आणि निदानरेषेपर्यंत दम न सुटणारी छाती. मुंबईतील एका मोठ्या कंपनीच्या संघाकडून त्यास बोलावणे आले. आधी सराव, आणि पसंत पडल्यास नोकरी. परंतु पंधरा दिवसांवर आमच्या पंचक्रोशीचे सामने होते, आणि शेजारचे गाव तीन वर्षे ढाल घेऊन जात होते. गावातील मंडळी माझ्याकडे आली. मुलगा मास्तरांचे ऐकतो, हे त्यांना ठाऊक होते. त्याच रात्री तोही आला आणि उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, “गुरुजी, बोलावणं आलंय. जाऊ का?” मी म्हणालो, “गावाचे सामने होऊ देत, मग जा. ज्या मातीने वाढविले तिचे काही देणे असते.” वाक्य चांगले होते. तो राहिला. आम्ही ढाल जिंकली, गुलाल उधळला. तो मुंबईस पोहोचला तेव्हा जागा भरली होती.

पुन्हा बोलावणे आले नाही. पुढल्याच वर्षी गुडघा दुखावला आणि खेळ संपला. तो आमच्या नाक्यावर अलिबाग-पेण अशी मिनीडोअर चालवू लागला, आणि अद्याप चालवितो. मी कधी त्याच्या गाडीत बसलो तर भाडे घेत नाही. “तुमच्याकडून कसे घेऊ, गुरुजी?” असे म्हणतो. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नाही. मला मात्र ते दहा-वीस रुपये हातात घेऊन उतरताना दरवेळी त्या रात्रीचा उंबरा आठवतो. मातीचे देणे असते हे खरे. परंतु ते त्या एकट्या मुलाने आपल्या उभ्या आयुष्याने फेडावे, असे मी त्यास सांगावयास नको होते. खेळाडूचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. मंदार राव देसाई किंवा ब्रँडन फर्नांडिस गाव सोडून गेला तेव्हा त्यास फितूर म्हणणे सोपे आहे. त्याच्या गुडघ्याचा विमा कोणी उतरवीत नाही.

मग वाढविणाऱ्याचे देणे फेडावयाचे कोणी? ह्यावर फुटबॉलने एक उत्तर शोधले आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. खेळाडू मोबदला देऊन एका देशातून दुसऱ्या देशात नेला गेला, तर त्या मोबदल्यातील पाच टक्के रक्कम त्याच्या वयाच्या बाराव्यापासून तेविसाव्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबांनी त्यास शिकविले त्यांच्यात वाटावी, असा फिफाचा नियम आहे. बारा ते पंधरा ह्या चार वर्षांस दर वर्षी पाव टक्का, आणि सोळा ते तेवीस ह्या आठ वर्षांस दर वर्षी अर्धा टक्का. एका कोटीची बदली झाली, तर ज्या लहानशा क्लबाने बारा ते पंधरा वयात त्या पोरास चेंडू मारावयास शिकविले, त्यास एक लाख रुपये पोहोचतात. गावाकडच्या क्लबाचे जाळे, चेंडू आणि मैदानाची डागडुजी एवढ्यात कैक वर्षे चालेल. पूर्वी हे पैसे मागावयाचे कोणाकडे, हेच लहान क्लबांस कळत नसे. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाने त्यांच्या वाटपाकरिता स्वतंत्र यंत्रणा चालू केली आहे.

ह्या नियमासही मर्यादा आहेत. करार संपून खेळाडू मोकळा गेला, मोबदलाच दिला गेला नाही, तर पाच टक्के कशाचे काढावयाचे? आणि ही तरतूद मुख्यत्वेकरून देशाबाहेरच्या बदल्यांस लागू आहे. वडखळचा मुलगा मुंबईस गेला, किंवा म्हापशाचा मडगावास, तर तिचा उपयोग नाही. परंतु त्यामागील विचार खरा आहे. खेळाडूस जाऊ द्यावे. ज्याने तो नेला त्याने वाढविणाऱ्याचा वाटा द्यावा. आणि हे सारे ठरलेल्या दिवसांत, उजेडात व्हावे, म्हणजे मागे राहणाऱ्या संघास पुन्हा उभे राहावयास अवधी मिळेल. ह्या तीन गोष्टी पाळल्या गेल्या म्हणजे बदली हा व्यवहार असतो. त्यांतील एक जरी सुटली, तरी कोणावर ना कोणावर अन्याय होतो. कधी खेळाडूवर, जसा बोसमानवर झाला; कधी प्रतिस्पर्ध्यावर; आणि पुष्कळ वेळा त्या अनामिक शिकविणाऱ्यावर.

गेल्या सुटीत दोन्ही नातवंडे ओटीवर बसली असता मी त्यांना ही टोपलीतल्या आंब्यांची गोष्ट सांगितली. मुंबईवाल्याने विचारले, “मग आजोबा, आम्ही चोर का?” मी म्हणालो, “नाही. आंब्याला पाय नसतात, खेळाडूला असतात. तो आपल्या पायांनी चालत येतो.” गोव्यावाला थोडा वेळ विचार करीत बसला, आणि मग त्याने मला असा प्रश्न घातला की, त्याचे उत्तर अद्याप माझ्याजवळ नाही. तो म्हणाला, “मग आजोबा, तुमच्या त्या मिनीडोअरवाल्याचे पाच टक्के कोण देणार?”

प्रश्न उलटा आहे, हे मला कळले; देणे त्याचे नव्हते, त्यास द्यावयाचे होते. दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन मी नाक्यावर गेलो. त्यांच्या पायांत चेंडू होता. मिनीडोअरवाला उतारूंची वाट पाहत उभा होता. त्याने चेंडू पायाने उचलून पाहिला आणि हसून म्हणाला, “गुरुजी, पोरांना संध्याकाळी मैदानावर पाठवा. दम कसा धरायचा ते शिकवतो.” तेव्हापासून सुटीच्या दिवसांत तो रोज तासभर गावच्या मुलांना शिकवितो, आणि आम्ही गावातील काही जण वर्गणी काढून त्यास दरमहा थोडे मानधन देतो. ते मात्र तो घेतो.